कादर मिस्त्रींचं नाक

शेलूबाजारच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला तेच सांगितलं. रस्त्यात गाडी बंद पडली तर घाबरायचं नाही, आपल्याकडे नाकवाले मिस्त्री आहेत. मला वाटलं, माणसाचं नाक मोठं असेल. टोपणनाव पाडायला गावाला तेवढं पुरतं. प्रत्यक्षात पाहिलं तर नाक अगदी बेताचं, किंबहुना जरा बसकंच. त्या नाकाची कीर्ती मात्र मंगरूळपासून मानोऱ्याच्या तांड्यांपर्यंत पोचलेली.

मी साताऱ्याकडची. तेव्हा वाशीम हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे अकोल्याच्या हुकमातले. बदलीचा अर्जही अकोल्यालाच जायचा आणि तिथंच कुठल्या तरी टेबलावर झोपी जायचा. सत्तरच्या दशकातली मधली पाच-सहा वर्षं मी तिथं अडकून पडले होते आणि त्याबद्दल येईल-जाईल त्याच्यापाशी कुरकुरत होते. पण अडकणं म्हणजे खरोखर काय असतं, ते मी रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. तिथं निंबाखाली पत्र्याची एक शेड होती आणि शेडच्या मागे दोन खोल्यांत कादर मिस्त्री आणि त्यांची बायको जुलेखाबी राहायचे. खेड्यांच्या फेरीसाठी मी पकडायची ती एस. टी. तिथंच थांबायची, त्यामुळे दिवसातला तासभर तरी माझा मुक्काम त्या निंबाखालीच.

गाडी आली की मिस्त्री आधी तिचं बॉनेट उघडायचे नाहीत. मालकाशी बोलायचेही नाहीत. इंजिन चालू ठेवायला सांगून थेट मागे जायचे, सायलेन्सरजवळ उकिडवे बसायचे, ओंजळीत धूर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. भोवतीची माणसं आपोआप गप्प व्हायची. मग डोळे उघडून मिस्त्री निकाल द्यायचे, "हे जास्त खाऊन राह्यली." किंवा, "उपाशी हाय बिचारी."

मी आपली शहाणी. एकदा विचारलंच, धुरातून हे कसं कळतं?

"बाई, पोळीले पीठ अन् पानी लागते ना? तसं इंजिनले पेट्रोल अन् हवा. पेट्रोल जास्त झालं तं धूर काळा येते अन् डोळ्याले झोंबते. हवा जास्त झाली तं वास कोरडा येते, अन् इंजिन तापते. बराबर असलं तं वासच येत नाही म्हना ना. मानसाचंही तसंच हाय. पोट बराबर असलं तं तोंडाचा वास येत नाही."

एकदा कापसाच्या एका व्यापाऱ्याची जीप खोकत-खोकत येऊन थांबली. व्यापारी तावातावानं सांगत होता की तीनदा कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, तरी गाडी चढ चढत नाही. मिस्त्री मागे बसले, ओंजळ नाकाशी नेली आणि उठून हात पुसत म्हणाले, "शेठजी, गाडीले काही नाही झालं. तुमच्या डायवरले ईचारा, घरी चूल कायवर पेटवते?"

ड्रायव्हरचा चेहरा त्याच क्षणी उतरला. पठ्ठ्या टाकीतलं पेट्रोल काढून विकत होता आणि तेवढंच घासलेट आत ओतत होता. व्यापारी त्याच्या अंगावर धावला, तर मिस्त्रीच मध्ये पडले. "मारू नका. गाडीनं सांगितलं, मी नाही," असं म्हणाले. त्या दिवसापासून गावात कुणी खोटं बोललं की आया पोरांना म्हणायच्या, थांब, मिस्त्रीकडे नेते.

दुसरी गोष्ट दिव्याची. गाडीत चालकापुढे एक लाल दिवा असतो. तेलाचा दाब कमी झाला की तो पेटतो. आमच्या भागातल्या ड्रायव्हरांनी त्यावर सोपा इलाज शोधला होता: दिवा पेटला की बल्बच काढून टाकायचा. सवारी घाबरत नाही आणि मालक विचारत नाही. मिस्त्रींना ही गोष्ट अगदी खपायची नाही. कुणी बल्ब काढायला सांगितलं की ते पाना खाली ठेवायचे. "लेकरू रडते म्हून त्याच्या तोंडात बोळा कोंबते का कोनी? कायले रडते ते पाहा ना! भूक लागली असंल, पोट दुखत असंल. कधी कधी तं उगीच रडते. पन रडू तं द्या त्याले." एवढं बोलून ते तासभर त्या दिव्याच्या तारेचा माग काढत बसायचे. मी बाळंतपणं करणारी बाई; मला हे म्हणणं फार आवडलं होतं.

हे नाक सांभाळायला मिस्त्री काय काय करायचे! पान नाही, तंबाखू नाही, विडी नाही. कच्चा कांदा नाही. वऱ्हाडात कांद्याशिवाय झुणका खाणं म्हणजे काय शिक्षा आहे ते तिथल्या माणसालाच विचारावं. आणि अत्तर तर मुळीच नाही. ईदेला सगळी माणसं कानात अत्तराचा फाया खोचून नमाजाहून यायची, गळाभेटी व्हायच्या आणि मिस्त्री तेवढे कोरडे. जुलेखाबी मला म्हणायची, "सिस्टर, लगनात यायनं मले अत्तराची कुपी देल्ली होती. अन् मंग म्हने, माझ्यासमोर लावू नको. अजून तशीच हाय पेटीत."

मग एक दिवस गाडी उचलून धरणारा जॅक निसटला.

गाडीखालून बाहेर येता येता मिस्त्रींचं डोकं मागच्या बाजूनं दगडावर आपटलं. दवाखान्यात आणलं तेव्हा बेशुद्ध नव्हते, पण मला चारदा माझं नाव विचारलं. टाके घातले, अकोल्याला नेऊन दाखवलं, पंधरा दिवसांत ते परत निंबाखाली बसले. गावानं नारळ फोडला. त्यानंतर एका दुपारी दवाखाना रिकामा असताना ते आले, दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसले.

"बाई, खिचडीले वास नाही येत."

मी म्हटलं, सर्दी असेल. त्यांनी मान हलवली. मी स्पिरिटचा बोळा त्यांच्या नाकाखाली धरला. काही नाही. लवंगेचं तेल धरलं. काही नाही. कांदा चिरून धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. मग त्यांनी स्वतःच खिशातून पेट्रोलचं एक फडकं काढलं, नाकाला दाबून धरलं आणि लांब श्वास घेतला. त्यांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. विहिरीत बादली सोडावी आणि ती कोरडी वर यावी, तसा तो चेहरा होता.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागल्यावर असं होतं कधी कधी. परत येईल, नाहीतर येणारही नाही. मिस्त्रींनी मला एकच विनंती केली. "हे रजिस्टरात लिहू नका बाई. अन् कोनाले सांगू नका." मी नाही लिहिलं. तेव्हा मला वाटलं, मी एका माणसावर उपकार करते आहे.

पुढची दोन वर्षं मी जे पाहिलं ते दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. मिस्त्री पूर्वीसारखेच मागे जाऊन बसायचे, ओंजळीत धूर घ्यायचे, डोळे मिटायचे. पण आता दुसऱ्या हातात पांढरा रुमाल असायचा आणि तो हळूच सायलेन्सरपुढे धरला जायचा. रुमालावर काजळी किती बसली ते पाहायचे. नंतर प्लग काढून त्यांची टोकं तपासायचे. टोक काळं असलं तर पेट्रोल जास्त, पांढरं असलं तर कमी, विटकरी असलं तर बरोबर. इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे. खरं सांगायचं तर ते पूर्वीपेक्षा बारीक काम करायला लागले होते आणि निदान चुकत नव्हतं. लोक मात्र घरी जाऊन सांगायचे, मिस्त्रीनं नुसता वास घेतला!

मी एकदा चिडून म्हटलं, "सांगून टाका ना एकदाचं. काम तर तुम्ही हातानं आणि डोळ्यानंच करता आहात. यात लाज कसली?"

"हातानं काम करनारे मिस्त्री मंगरूळले हायेत, वाशीमले तं गल्लीगल्लीत हायेत," ते म्हणाले. "इथं लोक माझ्याकडे येत नाहीत बाई. नाकाले भेटाले येतेत. ते घरी नाही म्हनून सांगितलं तं मी काय करू, सांगा?"

त्याहून वाईट गोष्ट मला ईदेला कळली. मी शिरखुर्मा खायला गेले होते. जुलेखाबी ती जुनी कुपी घेऊन नवऱ्यापुढे उभी होती. "आता तं लावू द्या. आता कायले भेता?" मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले, "बाहेर लोक हायेत. मिस्त्रीनं अत्तर कसं काय लावलं, असं नाही का म्हननार?" तिनं कुपी पेटीत ठेवून दिली. नाक गेलं आणि नाकाचे नियम तेवढे मागे उरले. कांदा नाही, पान नाही, अत्तर नाही. मला त्या दिवशी शिरखुर्मा गोड लागला नाही. त्यांना तर कुठल्याच दिवशी कशाची चव लागत नव्हती.

आणि मग ती लाल गाडी आली.

शिरपूर जैनचे एक कापड दुकानदार होते, बाबूशेठ. त्यांचा भाचा किशोर मुंबईचा. त्याला गाड्यांच्या शर्यतींचं वेड. कुठल्या तरी जुन्या धावपट्टीवर गोल गोल गाड्या पळवायच्या, हा त्यांचा खेळ. तर हा किशोर देवदर्शनाला म्हणून शिरपूरला आला तो ती शर्यतीची गाडीच घेऊन. दोनच माणसांपुरती, छप्पर नसलेली, परदेशी आणि इतकी बुटकी की आमच्या गावच्या बकऱ्या तिच्याकडे वरून बघत होत्या. बाजारचा दिवस होता. अर्धा बाजार निंबाखाली जमला. मी एस. टी.ची वाट बघत गर्दीत उभी.

त्या गाडीचं दुखणं दिव्याचंच. जोरात पळवून इंजिन तापलं की लाल दिवा पेटायचा. मुंबईत तीन जणांनी पाहिलं, तेलाचा पंप बदलला, तरी दिवा पेटतोच. परवावर शर्यत होती. बाबूशेठ म्हणाले, "मिस्त्री, पोरगा म्हनते दिवा काढून फेकतो. मी म्हटलं, आधी आमच्या नाकवाल्याले दाखव."

मिस्त्रींनी इंजिन चालू करायला लावलं, मागे बसले, ओंजळ, डोळे मिटणं, सगळं झालं. गर्दीतून समाधानाचा एक सुस्कारा निघाला. मग ते पुढे आले आणि खरं काम सुरू झालं. तेलाच्या दाबाची खबर दिव्याला देणारी तार त्यांनी बुडाशीच काढून हातात धरली आणि किशोरला विचारलं, "दिवा इझला का?"

"नाही. तसाच आहे."

मिस्त्री हसले. मी त्यांना असं मोकळं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहत होते. "म्हंजे तेल बराबर हाय. लेकरू उगीच रडून राह्यलं." तार कुठून कुठे जाते ते बोटानं चाचपत गेले आणि एका जागी थांबले. तिथं ती तापणाऱ्या नळीला लागून गेली होती. वरचं रबर वितळून आतली तांब्याची तार लोखंडाला टेकत होती. गाडी तापली की तार सैल पडायची, लोखंडाला शिवायची आणि दिवा पेटायचा. त्यांनी पट्टी गुंडाळली, तार लांबून बांधली आणि दिवा विझला. तीन जणांना मुंबईत जे जमलं नाही ते निंबाखाली पाऊण तासात झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं बोटांचं आणि डोक्याचं काम होतं, पण शेजारचा माणूस मला म्हणाला, "पाह्यलं का बाई? नाक!"

तिथंच थांबलं असतं तर बरं. पण मिस्त्रींना प्लगही पाहायचे होते. इंजिन बंद करून त्यांनी प्लग काढले, एक काळा निघाला. त्याची ठिणगी नीट पडते का ते पाहायचं होतं. त्याची रीत अशी: बाहेर काढलेला प्लग तारेला जोडायचा, गाडीच्या लोखंडाला टेकवून धरायचा, स्टार्टर मारायला सांगायचा आणि ठिणगी बघायची.

मला पेट्रोलचा वास आला.

थोडाथोडका नाही, डोकं भणभणावं इतका. शिरपूरहून येतानाच्या खाचखळग्यांनी पेट्रोलच्या नळीचा सांधा ढिला झाला होता आणि इंजिनाखाली पेट्रोल झिरपत होतं, हे नंतर कळलं. मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या माणसानं गळ्यातला दुपट्टा नाकाला लावला होता. पानठेलेवाला नाक आक्रसून उभा होता. बाबूशेठनी रुमाल काढला. सगळ्यांना येत होता तो वास आणि कुणीही बोलत नव्हतं. घासलेटाचा थेंब ओळखणाऱ्या माणसाला हा वास आला नसेल होय? मिस्त्री काही बोलत नाहीत म्हणजे त्यांच्या हिशेबात असेल. त्यांना शिकवणारे आपण कोण!

आणि मी? मला माहीत होतं. एकट्या मला. तरी मी गप्प राहिले. बोलले तर भर बाजारात या माणसाचं झाकलेलं उघडं पडेल म्हणून मी दहा श्वास गप्प राहिले. त्या दहा श्वासांची मला आजही लाज वाटते. मिस्त्रींनी प्लग तारेला जोडला, वाकले, लोखंडाला टेकवला.

"मारा स्टार्टर."

"थांबा!" मी किंचाळले. "मिस्त्री, पेट्रोल! खाली पेट्रोल गळतंय!"

किशोरचा हात अर्ध्यात थांबला. मिस्त्रींनी प्लग हळूच बाजूला केला. वाकून इंजिनाखाली हात घातला आणि बाहेर काढला. ओला हात त्यांनी सवयीनं नाकाशी नेला. मग तो खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नंतर ते गर्दीकडे वळले.

"बाईले वास आला. आनखीन कोनाकोनाले येऊन राह्यला?"

आधी पानठेलेवाल्याचा हात वर गेला. मग दुपट्टेवाल्याचा. मग बघता बघता सगळ्या निंबाखाली हात वर झाले. बाबूशेठचासुद्धा.

"मंग बोलले काहून नाही?"

कुणी तरी मागून म्हणालं, "तुमी होते ना, मिस्त्री."

मिस्त्री गाडीच्या कडेला टेकले. शब्द फुटले ते स्पष्ट फुटले. "माझं नाक गेलं बापाहो. दोन वर्सं झाली. जॅक निसटला तवापासून मले कायचाच वास येत नाही. आज हे पोरगं जळालं असतं. तुमी जळाले असते." दारात जुलेखाबी पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, सुटले! किती महाग पडलं, पण सुटले एकदाचे.

मग पानठेलेवाला मोठ्यानं हसला.

"वा मिस्त्री! मोठी परीक्षा घेतली गा आमची!"

आणि सगळा बाजार हसला. जो तो म्हणायला लागला, मिस्त्री मुद्दाम गप्प राह्यले, कोण बोलते ते पाहून राह्यले होते! मिस्त्री म्हणाले, "खरं सांगून राह्यलो, अल्लाची कसम." कुणी म्हणालं, "कसम कायले खाता, समजलो ना आमी. पुन्हा गप बसनार नाही." मी पुढे होऊन ओरडले की हे खरं आहे, मी स्वतः तपासलं आहे. तर बाबूशेठ हसत म्हणाले, "पाहा, सिस्टरबाईलेही सामील करून घेतलं." दिवा तर डोळ्यांदेखत विझला होता. ज्याला नाक नाही तो मुंबईवाल्यांना हरवेल कसा? किशोर वाकून मिस्त्रींच्या पाया पडला. मिस्त्रींनी सांधा आवळला, पेट्रोल पुसलं आणि गाडी रवाना केली. आठ दिवसांत ती गोष्ट मानोऱ्याला पोचली आणि नाक पहिल्याहून दुप्पट झालं. त्यानंतर मिस्त्रींनी पुन्हा कधी सांगायचा प्रयत्न केला नाही.

माझा बदलीचा अर्ज अखेर जागा झाला. निघायच्या दिवशी मी ट्रंक वर टाकून एस. टी.त खिडकीशी बसले. जुलेखाबी येऊन हात धरून गेली. निंबाखाली मानोऱ्याची एक जीप उभी होती, भोवती नेहमीची गर्दी. मिस्त्रींनी प्लग काढून तारेला जोडला आणि हात वर करून विचारलं, "वास येऊन राह्यला का कोनाले?" त्या दिवसानंतर ते ठिणगी पाहण्याआधी दरवेळी असं विचारायचे आणि लोकांना तो त्यांचा विनोद वाटायचा. आताही सगळे हसत एका सुरात ओरडले, "नाही!" वास घेतला कुणीच नव्हता.

मिस्त्रींनी प्लग टेकवला नाही. त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"बाई, तुमाले?"

मी अर्धी बाहेर वाकले आणि लांब श्वास घेतला. धूळ होती, एस. टी.च्या डिझेलचा धूर होता, निंबाचा मोहोर होता. मी पुन्हा एकदा घेतला. पेट्रोल नव्हतं.

"नाही मिस्त्री," मी म्हटलं. "टेकवा."

त्यांनी मान डोलावली आणि प्लग टेकवला. बारीक निळी ठिणगी पडली. कंडक्टरनं घंटी मारली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा दुसरी गाडी येऊन लागली होती आणि मिस्त्री तिच्यामागे उकिडवे बसून, ओंजळीत धूर घेऊन, डोळे मिटत होते.